तळाचं खारं पाणी

ओपुझेन, २ मार्च

फ्राने,

तुझा पत्ता शेजारच्या योझोच्या नातीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या आईला धरलं आणि तिच्या आईने तिला. आयर्लंड एवढं मोठं असूनही आपल्या गावची माणसं तिथे एकाच गल्लीत सापडतात, याला काय म्हणावं.

फोनवर आपलं जमत नाही. मी ओरडते, तू ठेवतोस. कागदावर ओरडता येत नाही. आणि कागद ठेवून दिलास तरी मागाहून उचलता येतो.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे होते तसेच. तुझ्या बापाचे पाय जरा सुजतात. वय झालं की होतं. डॉक्टरने मीठ बंद केलंय. आळणी सूप पुढे ठेवलं की माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी त्याच्या आईचा उद्धार केलाय.

मुद्द्याचं लिहिते. ईस्टरला ये. एवढंच सांगायचं होतं. पण कागद उरलाय, तर बागेचंही लिहिते.

संत्र्याची बाग अजून उपटलेली नाही. सगळे तुझ्या बापाला म्हणाले, याकोव, यंत्र बोलव, मेलेली झाडं काढ, कलिंगड लाव. ऐकेल तो याकोव कसला. पावसाळी दिवसांत नदी भरली की तो चराचं दार उघडतो, गोडं पाणी आत घेतो, झाडांच्या बुडाशी साचू देतो आणि मग खालच्या बाजूने सोडून देतो. पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. मातीतलं मीठ धुतोय म्हणे. योझो काठावर उभा राहून बघतो आणि म्हणतो, याकोव मेलेल्यांना आंघोळी घालतोय, आता टॉवेल तेवढा आणा.

तू काय केलंस ते मी उकरून काढत नाही. पण तू गेलास तेव्हा आपल्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. म्हणून माझ्या डोक्यात ते कसं बसलंय तेवढं एकदा लिहिते, मग पुन्हा नाही.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. पाऊस नाही, नेरेत्वा बारीक झालेली. नदी बारीक झाली की समुद्र आत शिरतो, तळातळाने, चोरासारखा. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. खारं पाणी जड, ते खाली लोळतं. गोडं वर राहतं. म्हणून मोटारीच्या नळीला आपण रिकामा कॅन बांधतो, की तो तरंगावा आणि नळीचं तोंड वरच्या गोड्या पाण्यात राहावं. तुझा बाप तेव्हा स्प्लिटच्या दवाखान्यात छातीला तारा लावून पडलेला. मी त्याच्या उशाशी. तू एकटा. झाडांनी माना टाकलेल्या. तू चरात बोट बुडवलंस, जिभेला लावलंस, गोडं लागलं, मोटार सुरू केलीस. तुझे आजोबाही असंच करायचे. पण नळीला कॅन नव्हता. सुटला असेल, वाहून गेला असेल. चाखलंस तू वरचं आणि मोटारीने ओढलं खालचं. आठवडाभर.

मग पानांच्या कडा करपल्या, पानं गळाली, हिरवी बारकी संत्री वाळून खडे झाली. झाडं गुडघाभर पाण्यात उभी राहून तहानेने मेली.

बाप दवाखान्यातून आला, चरातून होडी घेऊन बागेत गेला, परत आला, जेवायला बसला. एक शब्द नाही. गावाने मात्र बोलून घेतलं. योझो गुत्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पोराने जीभ बुडवली पण अक्कल काठावरच ठेवली. तुझा बाप तिथेच बसलेला, ग्लास हातात घेऊन. तेव्हाही गप्प. तू नाताळाच्या आधी गेलास. तो दारात उभा, तू बॅग उचललेली, आणि तुमच्या दोघांच्या मधे मी एकटीच बडबडतेय, पाव घेतलास का, मोजे घेतलेस का.

असो. ईस्टरला ये. मासे पकडायला कुणीतरी हवं. वाम आता याकोवच्या हातातून निसटते.

आई


ओपुझेन, २४ एप्रिल

फ्राने,

तुझं कार्ड मिळालं. सुट्टी नाही, बरं. कार्डावर मेंढ्या आहेत. मेंढ्या आम्हीही बघितल्यात. मागे दोन ओळी आणखी लिहिल्या असत्यास तर पोस्टाने जास्त पैसे घेतले नसते.

तुझ्या बापाने कार्ड वाचलं, मेंढ्या बघितल्या, आणि खिडकीत उभं करून ठेवलं.

बागेत एक भानगड झाली ती ऐक. शेतीखात्याकडून एक पोरगी येते, टोंका नावाची. अंगाने काडी, बूट मात्र चांगले. ती गावातल्या सगळ्यांच्या माती-पाण्याच्या बाटल्या भरून नेते. मला असल्या लोकांचा कंटाळा येतो. येतात, लिहून घेतात, जातात, संत्री काय कागदावर लागत नाहीत. पण तुझ्या बापाने तिला घरात बोलावली, माझ्या टेबलावरचं कापड उचललं आणि तिने तिथे ते बारीकसारीक मोठं करून बघायचं यंत्र मांडलं. म्हणाली, याकोवकाका, तुम्ही विचारत होतात ना झाड पाण्यात उभं राहून कसं वाळतं, बसा, दाखवते.

माझ्याकडून लाल कांदा घेतला. त्याचा जांभळा पापुद्रा काढला, डोळ्यावरच्या पापणीएवढा, आणि काचेवर ठेवला. आधी त्याने बघितलं, मग मी. खरं सांगते, मला वाटलं होतं काही दिसणार नाही, उगाच मान हलवीन. पण दिसलं. विटांची भिंत असावी तसे खणच खण, एकाला एक चिकटलेले, प्रत्येकात जांभळं पाणी काठोकाठ. पोरगी म्हणाली, हे साध्या पाण्यातलं. आत थोडी मीठसाखर असते, बाहेर नाही, म्हणून पाणी आत शिरतं आणि खण टरारून फुगतो. फुटत नाही, कारण भोवती भिंत आहे.

मग तिने कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. आता बघ म्हणाली. फ्राने, ते जांभळं भिंतीपासून सुटायला लागलं. आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून, आणि आकसून मधोमध एवढासा गोळा होऊन बसलं. भिंत जशीच्या तशी उभी. बाहेर पाणीच पाणी, पण बाहेरचं मीठ आतल्यापेक्षा जास्त, म्हणून आत यायचं सोडून आतलंच बाहेर ओढलं गेलं. मुळांचं हेच होतं म्हणाली.

मी म्हणलं, काकडीवर मीठ टाकलं की पाणी सुटतं, हे मला माझ्या आईने सांगितलंय. ती हसली. तेच आहे काकू, म्हणाली. आणि तुम्ही सुकलेला पालक पाण्यात टाकता, जेवणापर्यंत ताजा होतो, ते उलटं.

तिसरा थेंबही तिने बनवला होता. त्यात बाहेर आणि आत मीठ सारखंच. तिथे काहीच घडलं नाही. ना फुगलं, ना आकसलं. याकोव म्हणाला, हे काय कामाचं. ती म्हणाली, काहीच नाही काका, दोन्हीकडचं सारखं असलं की आवक-जावक बरोबरीत सुटते, बघणाऱ्याला सगळं थांबलेलं दिसतं.

मग त्याने दोन प्रश्न विचारले. तू असतास तर तुलाही नवल वाटलं असतं, कारण वर्षभरात हा माणूस कुणाला काही विचारत नाही. एक, बाहेरून बघून कळतं का, की आत सुटलंय? ती म्हणाली नाही, पानं माना टाकेपर्यंत नाही, भिंत उभीच असते. दुसरा, परत साधं पाणी दिलं तर? तिने लगेच दिलं. ते जांभळं हळूहळू पसरलं आणि भिंतीला जाऊन टेकलं. पण आधीचा एक तुकडा तिने खाऱ्या पाण्यात तसाच बाजूला ठेवला होता, आम्ही कॉफी घेईपर्यंत. त्यालाही साधं पाणी दिलं. तो भरला नाही. रंग नुसता पाण्यात उतरला. उशीर झाला की मरतं, म्हणाली, मग कितीही गोडं पाणी घाला.

त्यानंतर तुझा बाप उठला आणि बाहेर गेला. पोरगीला वाटलं तिचं काही चुकलं. मी म्हणलं, नाही गं, तो असाच आहे, तू कांदा घेऊन जा हवा तर.

दुसऱ्या दिवशी बागेतून ओरडत आला की फुटवा आलाय, खाली, बुंध्याला. मीही होडीत बसून गेले. कोवळा, हिरवागार. पण तीन तीन पानं आणि हा एवढा काटा. तू ओळखलंस ना? कलमाच्या खालचं, जंगली खुंटाचं. वरचं संत्रं मेलेलं आणि खालचं रानटी जिवंत. त्यालाही दिसलं असणार, जन्म गेलाय त्याचा कलमं बांधण्यात. पण तो म्हणाला, काहीतरी फुटलं ना. मीही म्हणलं, हो, फुटलं.

पलीकडच्या रांगेत मात्र दोन झाडांना वरच्या अंगाला खरे डोळे फुटलेत. ते मी स्वतः बघितले. तेवढं खरं.

हल्ली तो खुर्चीत बसून झोपतो. आडवं व्हायला आवडत नाही म्हणतो. उन्हाळ्यात ये. घाई नाही, पण ये.

आई


ओपुझेन, ९ जून

फ्राने,

तुझं पत्र आलं. या वेळी मेंढ्या नाहीत, चांगला कागद. तू लिहिलंयस, त्याला विचार, मी आलेलो त्याला हवाय का.

विचारलं. तो दाढी करत होता. ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, ये म्हणावं. त्याला सांग, मला त्याच्याशी बोलायचंय.

आता हे वाचून तुझं डोकं कुठे जाईल ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं नीट वाच. त्याला जे बोलायचंय ते तुला वाटतं तसं नाही. मला माहीत आहे ते काय आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या पायाला पट्ट्या बांधताना त्याने मला सांगितलं. मी सांगू शकत नाही. त्याने मला मरियामाउलीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. म्हणाला, रूझा, हे मी समोर बसून सांगणार, कागदावरनं नाही. कागदावर माफी मागतो तो वकील.

तेव्हा ये. वाईट नाहीये ते. तुझ्यासाठी तर नाहीच.

वर डोळे फुटलेल्या दोन झाडांची दहा-बारा झाली. टोंका येऊन मोजून गेली, तिने फोटो काढले. याकोव होडीतून उतरत नाही, बसल्या जागेवरून मला सांगतो, तिकडे बघ, त्या फांदीच्या बेचक्यात. मी चिखलात तुडवत जाते. या वयात.

योझोने परवा विचारलं, पोरगं येणार का. मी म्हणलं, तुझ्या जिभेचं विष उतरलं की येईल. त्याला राग आला, मग संध्याकाळी मासळी देऊन गेला. हा असला राग मला आवडतो.

आई


ओपुझेन, ५ जुलै

फ्राने,

तू लिहितोस, त्याला काय बोलायचंय ते तुला ठाऊक आहे. गप्प राहून त्याने ते तुला दोन वर्षं ऐकवलंय, आता तोंडाने ऐकायला विमानात बसून येणार नाहीस.

गाढवा.

बरं. मी माउलीवर हात ठेवला होता, तो मी आता उचलते. ती मला बघून घेईल. तिलाही पोरगा होता.

कॅन सुटला नव्हता. वाहून गेला नव्हता. तुझ्या बापाने तो काढला.

ज्या दिवशी त्याची छाती दुखली त्या सकाळी तो होडी घेऊन बागेत गेला होता. होडीत पाणी साचलेलं आणि उपसायला काही नाही. त्याने नळीचा कॅन सोडला, चाकूने अर्धा कापला आणि त्याने पाणी उपसलं. आपल्याकडे सगळे करतात. संध्याकाळी दुसरा बांधू म्हणाला. संध्याकाळी तो रुग्णवाहिकेत होता.

दवाखान्यात त्याला हे आठवलंही नाही. शपथेवर सांगतो म्हणाला, आणि माझा विश्वास आहे, कारण तेव्हा त्याला माझं नावही धड आठवत नव्हतं. घरी आल्यावर तो बागेत गेला, आणि तो अर्धा कॅन होडीतच पडलेला. तेव्हा कळलं. आणि तू काठावर उभा राहून त्याला सांगत होतास, बाबा, मी चव घेतली होती रे, दोनदा घेतली होती, गोडं होतं.

तेव्हाच बोलायचं. पण हा बोलला नाही. म्हणाला, रूझा, तोंड उघडलं होतं, पण शब्द आला नाही, आणि एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट जड झालं. मग गुत्त्यात योझो बोलला. तेव्हाही नाही. मग तू बॅग उचललीस. तो दारात त्याचसाठी येऊन उभा राहिला होता, आणि मी मधे मोज्यांचं बोलत होते.

तो तुझ्यावर रागावलेला नाही. कधीच नव्हता. त्याला तुझ्याकडे बघवत नाही, एवढंच.

आणखी एक. पाय सुजतात ते वयाने नाही. हृदय दमलंय. पाणी अंगात साचतं, पायात, पोटात, आता छातीतही, आणि तोंड मात्र कोरडं. दिवसाला मोजून पाणी देते. त्याने मला हेही लिहू दिलं नाही, म्हणाला दयेने आलेला नको. डॉक्टर म्हणतो, संत्र्याची तोडणी तो बघणार नाही. मी तुला एप्रिलमध्ये घाई नाही असं लिहिलं. घाई होती.

ये. पण एक ऐक, माझ्या गळ्याची शपथ आहे. मी तुला हे सांगितलं असं त्याला अजिबात कळू देऊ नकोस. त्याच्याजवळ आता हे एकच काम उरलंय, तुला समोर बसवून सांगायचं. ते मी हिसकावून घेतलं असं त्याला कळलं तर त्याच दिवशी झोपून राहील. तू नुसता त्याच्यापाशी बस. तो सांगेल. सांगितलं की नवल वाटल्यासारखं कर.

आई


ओपुझेन, ८ सप्टेंबर

फ्राने,

तू परत पोहोचलास हे योझोच्या नातीने कळवलं. तुझ्या बापाला माती दिली त्या दिवशी घर भरलेलं. तुझ्या आत्या, चर्चची माणसं, भांडी कुणाची कुठे. तू दुसऱ्या दिवशी निघालास. मला तुला एक सांगायचं होतं, चार माणसांत तोंडातून निघालं नाही. फोनवर मी सुरुवात करीन आणि आवाज चढेल. म्हणून परत कागद.

आधी तुझ्या सुट्टीचं. तू ऑगस्टात मरियेच्या सणाला आलास, आठवडाभर राहिलास, ते बरं केलंस. मी तुम्हा दोघांना मुद्दाम एकटं सोडत होते. तुला वाटलं असेल म्हातारीला योझोच्या बायकोचं एकाएकी एवढं प्रेम कुठून आलं. मी तिच्या ओट्यावर बसून तिची तीच तीच गाऱ्हाणी ऐकत होते, फक्त तुमच्या घरात शब्द पडावा म्हणून. परत येऊन बघावं तर तुम्ही दोघं लसूण सोलताय. किंवा तू त्याच्या पायांना तेल चोळतोयस आणि तो तुला विचारतोय, तिकडे मोटारी कुठल्या कंपनीच्या.

एकदा तू त्याला उचलून होडीत बसवलंस आणि बागेत घेऊन गेलास. मी मनात म्हणलं, आज. दुपारभर स्वयंपाक केला नाही, दारातच उभी. तुम्ही आलात. त्याचं तोंड उन्हाने लाल. मी तुला विचारलं, बोलला? तू म्हणालास, कलमांचं बोलला, खालचा जंगली फुटवा कधी छाटायचा ते दाखवलं. मी म्हणलं, आणखी? तू म्हणालास, आणखी एकदा म्हणाला, फ्राने, मग बराच वेळ थांबला, मग म्हणाला, वल्हं सांभाळ.

मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, जा आणि बोलून टाक. पण मला वाटलं अजून दोन दिवस आहेत. तुझं म्हणजे असं, लहानपणी टोपी घाल म्हणलं तर घातली नाहीस, चराजवळ जाऊ नको म्हणलं तर चरात पडलास, आयर्लंडला जाऊ नको म्हणलं तर गेलास. आयुष्यात माझं एकदाच ऐकलंस. ते हे.

तू निघालास त्या सकाळी त्याने तुझा हात धरून ठेवला होता, आठवतंय ना. बस येईपर्यंत. मला वाटलं आता सांगतो. बसवाल्याने भोंगा वाजवला.

तू गेल्यावर तो जेवला नाही. मी म्हणलं, काय झालं. तो म्हणाला, राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, रूझा, आठवडाभर पोरगं माझे पाय मांडीवर घेऊन बसलं. त्याला माहीत नाही म्हणून बसलं. माहीत असतं तर हात लावला नसता. मी त्याच्याकडून हे चोरून घेतलं.

हे तो रोज म्हणायला लागला. चोरून घेतलं. मी पट्ट्या बांधायची आणि गप्प राहायची. माझाही हात माउलीवरून उचललेला, ते त्याला कसं सांगू. खाणं सुटलं. डॉक्टर येऊन गेला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून नुसती मान हलवली.

शेवटच्या दिवशी सकाळी त्याला जरा हुशारी आली. खिडकी उघड म्हणाला. मी उघडली. मग परत तेच सुरू केलं, फ्रानेला माहीत असतं तर. आणि मला ते सहन होईना. मी म्हणलं, पुरे याकोव. त्याला माहीत आहे.

त्याने उशीवरून मान उचलली.

मी म्हणलं, जुलैतच लिहिलं मी त्याला. कॅन, होडी, सगळं. शिव्या दे हव्या तर. पोरगं सगळं वाचून मग विमानात बसलं.

मला वाटलं चिडेल. श्वासाला धाप लागली होती, तरी हाताने मला जवळ ओढलं आणि विचारलं, "तरी आला?"

"आला की," मी म्हणलं. "मी शपथ घातली होती म्हणून बोलला नाही. पाय चोळले ते सगळं माहीत असून चोळले."

फ्राने, तुझ्या बापाला मी चाळीस वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. त्याच्या आईला पोहोचवलं तेव्हाही नाही. तो रडला, तोंड वासून, लहान पोरासारखा. मी त्याचं नाक पुसलं. मग जरा शांत झाला. उशी वर कर म्हणाला. मी केली.

म्हणाला, "त्याला फोन लाव."

म्हणाला, आता जमेल. आता सोपं आहे. मला एकच वाक्य बोलायचंय.

मी घड्याळ बघितलं. तू कामावर असशील, तिथे यंत्राच्या आवाजात तुला ऐकू यायचं नाही, वरचा माणूस ओरडेल, असं माझ्या डोक्यात आलं. आणि त्याला दम लागलेला. मी म्हणलं, संध्याकाळी लावते रे, तो सुटला की. निवांत बोला. तोवर थोडा झोप.

तो बरं म्हणाला. आयुष्यात त्यानेही माझं फारसं ऐकलं नव्हतं.

मी पांघरूण नीट केलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

आई